पिसावरून पक्षी : अनुमानाचा एक वर्ग

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाची ओळख करून घेतली आणि डोंगर, धूर, अग्नी या त्रिकुटात पुरते अडकलो. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं की, तर्कशास्त्राच्या पुस्तकांना धुराशिवाय दुसरं उदाहरण सुचत नाही का? तक्रार रास्त आहे. चूलच उरली नाही तिथे धूर तरी कुठून दाखवणार! म्हणून आज आपण एक पीस घेऊ. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, गच्चीवर, कुठेही सापडणारं. ते कोणत्या पक्ष्याचं, हे आपल्याला कसं कळतं? आणि त्याहून अवघड प्रश्न, त्या पिसावरून नेमकं किती म्हणायचा आपल्याला अधिकार आहे?

उदाहरण ठरवून घेऊ. समजा, सेलू-मानवत रस्त्यालगत विजेच्या तारेखाली, बांधावरच्या गवतात एक निळं पीस पडलेलं आहे. गडद जांभळट निळं, मध्ये फिक्या आकाशी रंगाचा रुंद पट्टा. गावात कुणालाही दाखवा, उत्तर तयार असतं. कुणी म्हणेल मोराचं, कुणी म्हणेल खंड्याचं, कुणी नीलपंखाचं. तिघांनीही फक्त रंग पाहिलेला असतो. आपण रंग शेवटी पाहू.

आधी पीस हातात घ्यायची पद्धत. खरं तर हातात न घेता, जागेवरच शेजारी पट्टी नाहीतर एखादं नाणं ठेवून फोटो काढला तर उत्तम. त्याचं कारण पुढे येईल. पिसाला मधला दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाती. दांड्याच्या एका बाजूला बारीक खोबण दिसते, ती पिसाची खालची बाजू. खोबण खाली जाईल असं पीस धरा, टोक आपल्यापासून दूर. आता दोन्ही पात्यांची रुंदी बघा. एक अगदी अरुंद आणि दुसरं रुंद असेल तर ते बहुधा पंखाच्या टोकाकडचं उडण्याचं पीस. अरुंद बाजू वारा कापते, म्हणून ती ताठ असते. दोन्ही पाती जवळजवळ सारखी आणि दांडा सरळ असेल तर शेपटीच्या मधलं असण्याची शक्यता जास्त. पीस लहान, वाकलेलं आणि बुडाशी कापसासारखं मऊ असेल तर ते अंगावरचं.

इथे एक गंमत आहे. अरुंद पातं आपल्या डाव्या हाताला आलं तर पीस पक्ष्याच्या उजव्या पंखाचं, आणि उजव्या हाताला आलं तर डाव्या पंखाचं. म्हणजे पक्षी कोण हे अजून कळलेलं नाही, पण तो पंखाच्या कोणत्या बाजूने उडत होता ते कळलं! विशेष कळायच्या आधी सामान्य कळतं, असं आम्ही वर्गात सांगायचो तेव्हा मुलांना ते कोरडं वाटायचं. पीस दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मग लांबी. मोराचं पंखाचं मोठं पीस फूटभर किंवा त्याहूनही लांब भरतं. नीलपंखाचं चौदा-पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, खंड्याचं नऊ-दहा. एवढ्या एका मोजमापाने आपल्या तीन उमेदवारांपैकी निदान एक बाद होतो. आणि मोराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मोराच्या पंखांची उडण्याची मोठी पिसं निळी नसतातच, ती विटकरी-तांबूस असतात. ज्याला आपण मोराची शेपटी म्हणतो तो पिसारासुद्धा शेपटी नव्हे. शेपटीच्या वरच्या अंगाची आच्छादक पिसं वाढून तो पिसारा होतो. खरी शेपटी त्याखाली, तपकिरी, आखूड, पिसाऱ्याला टेकू देणारी. म्हणून डोळा असलेलं पीस नाही आणि विटकरी पीस मिळालं, तर लोक हमखास भारद्वाजाचं म्हणतात, कारण भारद्वाजाचे विटकरी पंख सगळ्यांच्या नजरेत असतात. भारद्वाजाचं पीस मात्र वीतभराहून लहान. रंग तोच, माप निराळं.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यातल्या शेषवत् या शब्दाचा अर्थ वात्स्यायनाने आपल्या भाष्यात दोन तऱ्हांनी लावला आहे. पहिला अर्थ, कार्यावरून कारणाकडे जाणं. नदी दुथडी भरून, वेगाने, गढूळ वाहते आहे. त्यावरून वरच्या अंगाला पाऊस झाला असं आपण म्हणतो. दुसरा अर्थ, शक्यता एकेक करून गाळत जाऊन जी उरते ती स्वीकारणं. पीस ओळखताना आपण हे दोन्ही एकदम करतो, आणि आपण दोन गोष्टी करतो आहोत हे आपल्या ध्यानातही येत नाही. पीस हे कार्य, पक्षी हे कारण, हा पहिला अर्थ. मोर नाही, खंड्या नाही, पोपट नाही, मग राहिला कोण, हा दुसरा.

दुसऱ्या पद्धतीत एक धोका आहे. गाळून उरलेला बरोबर ठरतो, पण यादी पूर्ण असेल तरच. आपल्या यादीत जो पक्षी नव्हताच, तो गाळला जात नाही आणि उरतही नाही. म्हणून पीस ओळखायच्या आधी त्या भागात, त्या ऋतूत कोणते पक्षी असतात याची यादी लागते. परभणीच्या सपाट काळ्या रानात हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. तेच पीस ज्येष्ठात सापडलं असं कुणी म्हणालं तर आपण जरा थांबून विचारू. ज्याला यादी ठाऊक नाही त्याने पुस्तकावर, म्हणजे आप्तवाक्यावर विसंबावं, त्यात कमीपणा नाही. डॉ. सलीम अली यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ मध्ये निघालं. त्यात पक्ष्याचा आकार सांगताना ते चिमणी, बुलबुल, मैना, कबूतर, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांशी तुलना करतात. हे तर शुद्ध उपमान आहे! गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो, एवढं ऐकून रानात गेलेल्या माणसाला गवय दिसताच नाव आठवतं, हे आपल्या नैयायिकांचं जुनं उदाहरण. नीलपंख कबुतराएवढा, एवढं ऐकून आपण बांधावर उभे राहतो, त्यात काही वेगळं नाही.

आता रंग. आपल्या पिसाचा निळा पट्टा बघा आणि मग ते पीस सूर्याकडे धरून, उजेड पलीकडून येईल असं बघा. निळाई नाहीशी होते, मळकट तपकिरी दिसतं. कारण त्या पिसात निळा रंगद्रव्य म्हणून काही नसतंच. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये स्पंजासारखी सच्छिद्र रचना असते, त्यातून प्रकाशाचा निळा भाग आपल्याकडे परत फेकला जातो; मागे असलेलं काळपट द्रव्य बाकीचा प्रकाश शोषून घेतं. सर चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९३० च्या दशकात पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर काम केलं, तेव्हा त्यांनी अभ्यासाला घेतलेला पक्षी हाच आपला नीलपंख होता. नोबेल मिळवलेला माणूस तारेवरच्या पक्ष्याचं पीस न्याहाळत बसतो, हे आम्हाला फार आवडतं. मोराच्या पिसाची तऱ्हा वेगळी. तिथे सूक्ष्म कणांची शिस्तबद्ध मांडणी असते, म्हणून पीस तिरकं केलं की रंग पालटतो. नीलपंखाचा निळा तितका पालटत नाही. म्हणजे पीस नुसतं हलवून बघणं हीदेखील एक परीक्षा झाली. पोपटाचा हिरवा आणखी मिश्र : तसाच रचनेतून आलेला निळा आणि वर पिवळं द्रव्य.

तर आपलं पीस : पंखाच्या टोकाकडचं, चौदा सेंटिमीटर, गडद निळं, मध्ये फिका आकाशी पट्टा, हलवलं तरी रंग फारसा न बदलणारा. खंड्याचं म्हणावं तर लांबी बसत नाही, शिवाय त्याच्या पंखाच्या पिसाचं टोक काळं आणि बुडाकडे पांढरा भाग असतो. पिसाची जागा विजेच्या तारेखाली, आणि नीलपंख तासन्‌तास तारेवर बसून खाली नाकतोडे हेरणारा. निष्कर्ष : नीलपंख. आपल्याकडे त्याला तास किंवा चास असंही म्हणतात, संस्कृतातला चाष तो हाच. काही लोक नीळकंठ म्हणतात, पण त्याचा गळा काही निळा नाही, जांभळट-तपकिरी आहे. नाव ठेवणाऱ्याने पक्षी उडताना पाहिला असावा.

इथवर सगळं सुरळीत झालं. खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही तिच्यासाठीच निवडला.

न्यायसूत्रांत पूर्वपक्षाने अनुमानावरच एक हल्ला चढवला आहे. तो म्हणतो, नदी फुगली म्हणजे पाऊसच झाला असं कशावरून? कुणी प्रवाह अडवला असेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असं कशावरून? कुणी वारूळ मोडलं असेल. आणि मोराचा आवाज आला म्हणजे मोरच आहे कशावरून? एखादा माणूस मोराची नक्कल करत असेल! हा हल्ला आपल्या भागातल्या माणसाला चटकन समजतो. येलदरीचे दरवाजे उघडले की पूर्णा फुगते, तेव्हा इकडे आभाळात ढगही नसतो. नैयायिकाचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे. तो म्हणतो, चूक अनुमानाची नाही, अनुमान करणाऱ्याची आहे. पावसाने आलेल्या पुराची खूण नुसतं वाढलेलं पाणी ही नसते. वेग, फेस, वाहून आलेली पानं, फळं, लाकडं हे सगळं मिळून ती खूण होते. तुम्ही अर्धी खूण घेतलीत आणि पूर्ण निष्कर्ष काढलात.

पिसाच्या बाबतीत अर्धी खूण फार वेळा घेतली जाते. उदाहरणार्थ, तपकिरी पिसावरचे आडवे पट्टे. शिक्रा, पावशा, काही घुबडं, सगळ्यांच्या पिसांवर पट्टे असतात. पट्टे आहेत म्हणून शिक्रा, हा हेतू जिथे शिक्रा आहे तिथेही असतो आणि जिथे नाही तिथेही असतो. शास्त्रात याला अनैकांतिक किंवा सव्यभिचार म्हणतात, हेत्वाभासांतला पहिला. पावशा तर उडताना शिक्र्यासारखाच दिसतो, तेव्हा पिसाने फसवलं तर नवल नाही.

यापेक्षा गंभीर घोटाळा दुसरा आहे. पीस सापडलं, म्हणजे पक्षी मेला. पीस सापडलं, म्हणजे कुणीतरी मारला. हे दोन्ही निष्कर्ष आपण क्षणात काढतो. पण पक्षी आपली पिसं नियमाने टाकतात. बहुतेक स्थानिक पक्षी विणीचा हंगाम उरकला की जुनी पिसं एकेक करून झाडतात आणि नवी घेतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर जागोजाग पिसं दिसतात ती त्यामुळे. एकटं पीस, टोकाला झिजलेलं, बुडाचं टोक स्वच्छ आणि कोरडं, हे झडलेलं पीस. त्याचा मालक बहुधा पुढच्या तारेवर बसलेला असतो.

पिसांचा ढीग असेल तर गोष्ट वेगळी. मग दांड्यांची बुडं बघायची. बुडं अर्धवट तुटलेली, चावलेली, पिसं लाळेने चिकटलेली असतील तर मांजर, मुंगूस, कोल्हा यांच्यापैकी कुणी. दांडे अखंड, उपटलेले, क्वचित दांड्यावर चिमटा बसल्यासारखी घडी, आणि जागा जरा उंच, दगडावर किंवा खुंटावर, तर शिक्र्यासारखा शिकारी पक्षी. आता इथे नीट लक्ष द्या. माणूससुद्धा पिसं उपटतोच. म्हणजे अखंड दांडे हा हेतू पुन्हा अनैकांतिक झाला. नुसत्या ढिगावरून हे शिक्र्याचं काम की माणसाचं, याचा निवाडा होत नाही. फास, दोरा, राख, पावलं असं काही सोबत असेल तर पुढे जाता येईल, नसेल तर नाही.

हे एवढं ताणून सांगायला कारण आहे. रानात पिसांचा ढीग दिसला की गावात पहिलं बोट फासेपारध्यांच्या वस्तीकडे वळतं. काही वेळा बोटावर थांबतही नाही. त्या बोटामागे कोणती व्याप्ती असते? जिथे जिथे उपटलेली पिसं तिथे तिथे पारधी, अशी व्याप्ती कुणी कधी तपासली आहे? तपासलेली नाही, ती वारशाने आलेली आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून टाकलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला. कायद्याचं अनुमान रद्द झालं, डोक्यातलं झालं नाही. आम्ही असं म्हणत नाही की शिकार कधी कुणी करत नाही. शिकार होते, फास लागतात, आणि त्यात पारधी नसलेले लोकही असतात. आमचं म्हणणं एवढंच की, शिक्र्याने दुपारी केलेल्या जेवणाबद्दल संध्याकाळी एखाद्या माणसाला चौकशीला उभं करायचं, तर हेतू पक्का पाहिजे. चुकीच्या अनुमानाने पक्ष्याचं काही बिघडत नाही, माणसाचं बिघडतं.

उलट बाजूचंही एक उदाहरण देतो, म्हणजे पीस नेहमी कमीच सांगतं असा समज व्हायला नको. ४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बोस्टनच्या विमानतळावरून उडालेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान लगेच पाण्यात कोसळलं. ६२ माणसं गेली. इंजिनांमध्ये पिसांचे चिंधड्या झालेले अवशेष सापडले, ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबोर्न या बाईंकडे आले. पट्टे नाहीत, आकार नाही, लांबी नाही, म्हणजे आपण आत्तापर्यंत वापरलेलं एकही लक्षण धड उरलेलं नाही. त्यांनी पिसाच्या बुडाशी असलेले कापसासारखे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या तंतूंवर बारीक गाठी असतात आणि त्यांची ठेवण पक्ष्यांच्या गटागटांत वेगळी असते. मग संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांशी ताडून पाहिलं. उत्तर आलं, स्टार्लिंग. आपल्या भोरडीची चुलत बहीण, मूठभर पक्षी, पण थव्याने आलेला. पक्षी कोणता आणि केवढा हे कळल्यावर इंजिनांनी कोणते धक्के सोसले पाहिजेत याच्या चाचण्यांना दिशा मिळाली. ज्या कापसाकडे आपण ढुंकून पाहत नाही, त्यात सगळ्यात टिकाऊ खूण निघाली.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी पटकन. पीस घरी न्यायचं का? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्यात वन्यप्राण्याच्या ज्या अवशेषांचा उल्लेख आहे त्यांत पिसंही येतात. मोराच्या आपोआप झडलेल्या पिसांबद्दल सवलत आहे, पण ती सगळ्या पक्ष्यांना लागू नाही. म्हणून फोटो काढा, माप घ्या, पीस तिथेच राहू द्या. दुसरी गोष्ट, पिसांबरोबर मेलेले पक्षी दिसले आणि एकापेक्षा जास्त दिसले, तर हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला शेकडो कोंबड्या पटापट मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी पशुसंवर्धन विभागाला कळवायचं, ओळखीची हौस बाजूला ठेवायची.

श्रोत्यांचे काही प्रश्न आले आहेत, वेळ थोडा आहे, दोनच घेतो.

एक प्रश्न असा, नीलपंखाचं पीस दसऱ्याला घरात ठेवलं तर शुभ असतं का? १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, तेव्हा ही समजूत आपल्याला परकी नाही. तेलंगणात तो राज्यपक्षी आहे, पालपिट्ट म्हणतात, आणि दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. अडचण अशी की, दर्शन हवं म्हणून पक्षी पकडून, पिंजऱ्यात घालून, पैसे घेऊन दाखवण्याचे प्रकार तिकडे उघडकीला आलेले आहेत. परंपरा म्हणते पक्षी दिसावा. तो तारेवर दिसतो. पीस घरात ठेवावं असं परंपरेतही आम्हाला आढळलं नाही, आणि कायद्याचं आत्ताच सांगितलं.

दुसरा प्रश्न एका भगिनींचा आहे. अंगणात तपकिरी पिसावर पांढरे ठिपके असलेलं पीस सापडलं, सासूबाई म्हणतात घुबडाचं आहे, कुणीतरी करणी केली. ताई, पीस बोटभर असेल आणि पृष्ठभाग मखमलीसारखा मऊ लागत असेल तर सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. ते पिंगळ्याचं असू शकतं. घुबडवर्गातल्या पक्ष्यांच्या पिसांवर अशी मऊ लव असते, ती उडतानाचा आवाज कमी करते. अंगणात एखादं जुनं चिंचेचं किंवा लिंबाचं झाड आहे का, त्यात ढोली आहे का, ते बघा. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला त्या ढोलीच्या तोंडाशी दोन पिवळे डोळे दिसले, तर सासूबाईंनाही बोलावून दाखवा.